बॅक्स्टर कोण होती?

"ताई, तिचं नाव तू ठेवलंस. आता निस्तरायलाही तूच ये," असा हायडेलबर्गहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला, आणि मी मे महिन्यात जर्मनीला जायचं ठरवलं. लोक तिकडे किल्ले बघायला जातात, गाड्यांचे कारखाने बघायला जातात. मी एक इंग्रजी आडनाव बघायला गेले. तेही जर्मनीत. आमच्या घराण्यात कुठलीच गोष्ट सरळ रस्त्याने होत नाही.

प्रकरण असं. श्रीधरची मुलगी इरा हायडेलबर्गला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिथेच काम करणाऱ्या मार्टिन बॅक्स्टर नावाच्या इंग्रज मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा यॉर्कशरचा, उंच, सभ्य, वरणभात बोटांनी खायला शिकलेला. श्रीधरची लग्नाला हरकत नव्हती. हरकत होती ती इरा क्षीरसागरची इरा बॅक्स्टर होण्याला.

"लग्नाला मी हौसेने उभा राहीन," तो फोनवर म्हणाला, "पण आडनाव टाकायच्या सहीला नाही."

आता जर्मनीत लग्न लावतं श्टांडेसआम्ट, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालय. तिथे लग्न आणि सही एकाच टेबलावर, एकाच बैठकीत होतात. एकाला यायचं आणि दुसऱ्याला नाही, तर त्याने मध्ये उठून बाहेर जायचं काय? पंचवीसएक वर्षं गिअरबॉक्सची जुळणी करणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याचं मला नवल वाटलं. पण तो बोलून बसला होता, आणि क्षीरसागर बोललेलं मागे घेत नाहीत. मीही जन्माने क्षीरसागरच, म्हणून अधिकाराने सांगते.

आणि माझा संबंध काय, तर मी आत्या. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा असतो, आणि त्याबद्दल पाठीत धपाटेही तिनेच खायचे असतात. इरा हे नाव मी निवडलं होतं. वाणी, पृथ्वी, अन्नरस असे त्याचे अर्थ. शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलेल्या बाईला एका अर्थावर भागत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. व्हिसाची वेळ मिळायलाच खूप दिवस जातात, तेव्हा तिकिटाआधी त्याच्या मागे लागा. युरोपात बाहेरून दुधातुपाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे क्षीरसागरांकडे जायचं आणि क्षीर न्यायचं नाही. मी पेढे नाशिकलाच ठेवले आणि थालीपिठाची भाजणी घेतली. फ्रँकफर्टच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून मानहाइमला गाडी बदलून हायडेलबर्ग तासाभरात येतं. तिकीट आधी काढलं तर स्वस्त, ऐन वेळी काढलं तर डोळे पांढरे. महिनाभर राहणार असाल तर साठ-पासष्ट युरोंचा मासिक पास घ्या. जलद गाड्या सोडून देशभर चालतो. जर्मन गाड्या वक्तशीर असतात ही समजूत मात्र भारतातच सोडून या. माझी गाडी उशिरा आली, आणि फलाटावरच्या आजींनी असा सुस्कारा सोडला की मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

स्टेशनवर श्रीधर आणि त्याची बायको मंजिरी आले होते. श्रीधरने बॅग घेतली आणि पहिलं वाक्य बोलला, "तिच्याशी बोल. माझ्याशी ती जर्मनमध्ये भांडते."

"आणि तुम्ही मराठीत," मंजिरी म्हणाली. "मध्ये मी. वन्सं, तुम्ही आलात ते बरं झालं. आता घरी गेल्यावर मी निवांत स्पार्गेल सोलते."

स्पार्गेल म्हणजे पांढरी शतावरी, इथली लाडकी भाजी. मे महिन्यात हा देश दुसरं काही खात नाही. रस्त्यारस्त्यावर त्याच्या टपऱ्या लागतात. चव सौम्य. इतकी सौम्य की मी मिरचीचा ठेचा मागितला आणि जेवायला बसलेल्या मार्टिननेही तो गुपचूप माझ्याकडून घेतला. मुलगा मला आवडला.

दुसऱ्या दिवशी इराने मला गाव दाखवलं. जुना पूल, नदी, वर लालसर दगडाचा पडका राजवाडा. वर जायला दोरखंडावरची रेल्वे आहे, तिच्या तिकिटातच राजवाड्याचं आवार येतं. गुडघे धड असतील तर पायऱ्यांनीही जाता येतं. माझे नव्हते. पलीकडच्या टेकडीवर तत्त्वज्ञांची वाट म्हणून एक रस्ता आहे. इतका चढ आहे की वर पोचेपर्यंत तत्त्वज्ञान उरत नाही, नुसता श्वास उरतो. तिथल्या बाकावर बसून मी विषय काढला.

इराला मराठी सगळं कळतं. बोलताना मात्र तिची वाक्यं मराठीत निघतात आणि जर्मनमध्ये पोचतात.

"बाबाला वाटतं मला लाज वाटते आपल्या नावाची," ती म्हणाली.

"वाटते?"

"नाइन! अजिबात नाही. पण आत्या, आम्ही वोनुंग शोधतोय." वोनुंग म्हणजे राहायला जागा. हायडेलबर्गमध्ये ती मिळणं म्हणजे विद्यापीठात जागा मिळण्याहून अवघड. "मी ईमेल केला, उत्तर नाही. तीच जागा, तोच मजकूर, तोच पगार. मार्टिनने केला, संध्याकाळी फोन. एकदा नाही. मग आम्ही मजा म्हणून करून बघायला लागलो. मग मजा वाटेनाशी झाली."

"हे बाबाला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं तर तो म्हणेल, मी इतकी वर्षं इथे काढली, मला कधी नाही असं झालं." ती नदीकडे बघत राहिली. "झालं असणारच ना. तो बोलत नाही."

मी तिला काहीही पटवून द्यायला गेले नाही. मला ज्या कामासाठी बोलावलं होतं ते मी त्या बाकावरच सोडून दिलं. फक्त एवढंच म्हटलं की हे बापाला सांगायला हवं, आणि ते तूच सांग.

ते सांगणं झालं शनिवारी, आणि झालं एका भट्टीसमोर.

हायडेलबर्गच्या पूर्वेला ओडनवाल्ड नावाचा डोंगराळ, जंगलाचा भाग आहे. तिथल्या एका छोट्या गावात मंजिरीची मैत्रीण फ्राऊ केलर राहते. पासष्टीची, ठेंगणी, कोपरापर्यंत बाह्या सारलेली. गावात अजून सार्वजनिक बाकहाऊस आहे. पूर्वी घरोघरी भट्टी पेटवणं परवडायचं नाही आणि आगीची भीतीही असायची, म्हणून गावाची एकच दगडी भट्टी. ज्याने त्याने आपलं पीठ मळून आणायचं आणि आळीपाळीने भाजून न्यायचं. आता ठरावीक शनिवारीच ती पेटते. पाहुण्यांनाही येऊ देतात. फी नाही, पेटीत लाकडांपुरते चार-पाच युरो टाकायचे. बस गावापर्यंत जाते पण फार थोड्या वेळा, तेव्हा गाडी असलेला नातेवाईक सोबत घ्या.

पहाटेपासून भट्टीत लाकडं जळत होती. आम्ही पाचजण पोचलो तेव्हा फ्राऊ केलर निखारे बाहेर ओढून ओल्या फडक्याने आतली फरशी पुसत होती. मग तिने मूठभर पीठ आत फेकलं. ते लगेच काळं पडलं. "अजून ब्रेडला वेळ आहे. पहिला ताव चपट्या गोष्टींचा," ती म्हणाली. मंजिरीने माझ्याकडे पाहिलं, मी पिशवीतून भाजणी काढली, आणि त्या डोंगरातल्या भट्टीत बहुधा पहिल्यांदाच थालीपीठ गेलं. शेजारी गावातल्यांच्या कांदा आणि साय लावलेल्या पातळ पोळ्या भाजत होत्या. बाहेरच्या लांब टेबलावर दोन्हीची देवाणघेवाण झाली. एका आजोबांनी थालीपीठ खाऊन विचारलं, "याच्यात काय काय आहे?" मंजिरी धान्यं मोजायला लागली. चौथ्या धान्याला आजोबांनी हात वर केले.

तेवढ्यात फ्राऊ केलरने मार्टिनला त्याचं आडनाव विचारलं. बॅक्स्टर म्हटल्यावर ती हसली. "मग तुम्ही घरचेच! पाव भाजणारा तो आमच्याकडे बेकर, तुमच्याकडे बॅक्स्टर."

"हो," मार्टिन म्हणाला, "माझे बाबा सांगतात, आम्ही दणकट बेकरांचे वंशज. मोठे दंड, मोठ्या दाढ्या."

मला राहवलं नाही. निघण्यापूर्वी मी या आडनावाचा बराच अभ्यास केला होता, आणि अभ्यास केलेल्या बाईला टेबल आणि श्रोते मिळाले की काय होतं हे माझे विद्यार्थी सांगतील.

"दंड असतील," मी म्हटलं, "दाढीचं कठीण आहे."

मग मी सांगितलं ते असं. जुन्या इंग्रजीत भाजणारा तो बेकर आणि भाजणारी ती बॅक्स्टर. तो शेवटचा 'स्टर' स्त्रीचा होता. विणणारी वेब्स्टर, बिअर बनवणारी ब्रूस्टर, सूत कातणारी स्पिन्स्टर. पुढे ही कामं पुरुषांच्या हातात गेली आणि कामाबरोबर नावंही गेली. उत्तरेकडे तर कुठल्याही बेकराला बॅक्स्टर म्हणायला लागले, तेव्हा अमुक घराण्याची मूळपुरुष बाईच होती असं छातीठोक म्हणता येत नाही. विद्वान इथे हात राखून बोलतात. पण शब्द बाईचा होता, यात कुणाला शंका नाही. कुठल्याशा यॉर्कशरी गल्लीत एक बाई पीठ मळत होती, लोक तिच्या मुलाला "तो बॅक्स्टरचा" म्हणत होते, आणि एवढ्यात सरकारला माणसांची आडनावं पक्की करून हवी झाली. मुलगा अडकला तो कायमचा.

"म्हणजे," श्रीधर सावकाश म्हणाला, "हे आडनाव बाईचं?"

"होतं. तू ज्याला पुरुषाचं नाव म्हणून भांडतोयस ते."

मार्टिनला इराने सगळं भाषांतर करून सांगितलं. तो आधी भट्टीकडे, मग श्रीधरकडे पाहत अगदी साधेपणाने म्हणाला, "म्हणजे आमच्यात पूर्वी एका पुरुषाने बाईचं नाव घेतलंच आहे. मग मीही घेतो. मी क्षीरसागर होतो. कायद्याने चालतं. तुमचं नाव राहील."

मी श्रीधरकडे पाहिलं. इतके महिने तो जे मागत होता ते त्याला आयतं ताटात वाढून आलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"छे छे!" तो मराठीतच ओरडला. "भलतंच! त्याचे वडील काय म्हणतील? मुलाने मुलीचं आडनाव घ्यायचं? नाशकात लोक काय म्हणतील? घरजावई केला म्हणतील!"

"अहो, तुम्हालाच नाव चालवायचं होतं ना?" मंजिरी म्हणाली.

"असं नव्हतं चालवायचं."

"मग कसं, बाबा?" इराने विचारलं. अख्खं वाक्य मराठीत. "मी बदललं तर तुला राग. त्याने बदललं तर तुला लाज. आणि ठेवलं तर..." आणि मग तिने त्याला जागांची, उत्तरं न आलेल्या ईमेलांची गोष्ट सांगितली. रडली नाही. बटाट्याचा भाव सांगावा तशी सांगितली.

श्रीधर थालीपिठाचा तुकडा हातात धरून बसला. मग म्हणाला, "मला पण झालं होतं. आलो तेव्हा. मी आईला फोनवर सांगितलं, जागा छान मिळाली. होतो एका मित्राच्या तळघरात." मंजिरीला हे माहीत असावं. इराला नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार? तुझं आडनाव तेच होतं."

फ्राऊ केलरला मराठी येत नव्हती पण पीठ फुगायचं कुणासाठी थांबत नाही. ती आली आणि म्हणाली, "आता ब्रेड! खुणा करा, पटकन."

या भट्टीचा एक रिवाज आहे. सगळ्यांचे ब्रेड एकदम आत जातात, मग बाहेर आल्यावर कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येक घर आपली खूण कच्च्या पिठावर करतं. कुणाची चांदणी, कुणाची किल्ली, कुणाचे दोन आडवे काप. आमच्याकडे तीन गोळे होते. एक श्रीधर-मंजिरीचा, एक इरा-मार्टिनचा, एक माझा, मी नाशिककरांना फोटो दाखवायला म्हणून मळलेला. फ्राऊ केलरने सुरी श्रीधरच्या हातात दिली. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने पहिल्या गोळ्यावर "क्ष" काढला. दुसऱ्यावर "क्ष" काढला. तिसऱ्यावरही काढला, आणि सुरी परत दिली.

फ्राऊ केलरने तिन्हीकडे पाहिलं. "आल्झो," ती म्हणाली, "तिन्ही सारख्याच? मग खूण कशाला केली? तुमचा कोणता, मुलीचा कोणता, बहिणीचा कोणता, कसं कळणार?"

"नाही कळणार," श्रीधर म्हणाला. पण गोळे फावड्यावर चढले होते. दार बंद झालं.

तासाभराने तीन ब्रेड बाहेर आले. "क्ष" फुगून कुठल्या लिपीतला राहिला नव्हता. ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने घेतला. मला मिळाला तो मार्टिनने मळलेला असावा. मीठ विसरला होता.

परतीच्या गाडीत मी पुढे बसले होते. मागून इराने विचारलं, "आत्या, तुला विचारलं होतं का? लग्नात?"

"काय?"

"नाव. तू तर दोन्ही बदललीस."

खरंच आहे. मी जन्माने शरयू क्षीरसागर. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं. त्याचं नाव माधव, म्हणून मी माधवी. शोभतं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही. तसं मी तिला सांगितलं.

"आणि बाबा? तेव्हा तू काही बोललास?"

श्रीधर आरशात न बघता गाडी चालवत होता. "मला काही फरकच पडला नाही गं," तो म्हणाला. "मी तिला ताईच म्हणायचो." मग बऱ्याच वळणांनंतर, "म्हणजे माझ्या लक्षातच आलं नाही."

मंगळवारी लग्न होतं, श्टांडेसआम्टला सगळे गेलो. श्रीधर येणार की नाही हे त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सकाळी तो सूट घालून सर्वांच्या आधी दाराशी उभा होता आणि उशीर होतोय म्हणून आम्हालाच ओरडत होता. जागा छोटी, सुबक. पाहुणे मोजकेच न्या, खुर्च्या कमी असतात. अधिकारी बाईंनी छान, न घाईचं भाषण केलं. मग आडनावाचा विषय आला. मार्टिनने इराकडे पाहिलं, इराने बापाकडे नाही, समोरच्या कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बॅक्स्टर." तिथे वधू नव्या नावाने पहिली सही लगेच करते. तिने केली. श्रीधर शेवटपर्यंत उभा होता. खुर्ची होती तरी.

बाहेर आल्यावर त्याने मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाला, "सही चांगली आली." त्याच्याकडून याहून जास्त कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. गिअरबॉक्ससाठीसुद्धा.

शिकवायची सवय जात नाही म्हणून सांगते. इरा नाव बदलते, ही झाली कर्तरी रचना. माझं नाव बदललं गेलं, ही कर्मणी. बाहेरून दोन्ही बायका सारख्याच दिसतात, लग्न होऊन नवऱ्याचं आडनाव लावणाऱ्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी विचारत होती की मग बाई, तुम्ही जिंकलात का हरलात. मला ते ठरवता आलेलं नाही. मी गेले तेव्हा भावाच्या बाजूने बोलायला गेले होते, एवढं खरं.

नाशिकला परतल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी थालीपिठाचा भाग दोनदा ऐकला. तांदळाचा भाग आला तेव्हा पेपर खाली ठेवला.

"मला तर शरयू आवडलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"नाव. मी आईला म्हटलंही होतं, राहू दे. ती म्हणाली, बदलायचं असतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठे काही बोललीस? मला वाटलं, तुला माधवी आवडलं."

इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या आवडीखातर एक नाव वापरत होतो. मी हसत हसत स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, नळ सोडला. थोड्या वेळाने हे दारात येऊन उभे राहिले.

"किती हाका मारल्या," हे म्हणाले.

"मला? कधी?"

"आत्ता. शरयू, शरयू म्हणून."

ऐकू आलं होतं. मला वाटलं, शेजारी कुणालातरी बोलावतायत.